सहा माणसं, अडीच तिकिटं

नोव्हेंबर उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळांमधून सहलीचं वारं वाहायला लागतं. सूचना सगळीकडे सारखीच असते. अमुक तारखेला सहल, अमुक रुपये वर्गणी, सकाळी सहाला शाळेच्या आवारात हजर, सोबत डबा आणि पाण्याची बाटली. मुलं ती वहीत उतरवून घेतात, घरी दाखवतात, पैसे आणून देतात. गाडी किती आसनांची, वर्गणी एवढीच का, सहालाच का निघायचं, जेवायला कुठे थांबायचं, हे सगळं तोवर बाईंनी आणि गुरुजींनी ठरवून टाकलेलं असतं. सहलीतलं सगळं गणित मोठी माणसं करून मोकळी होतात आणि मुलांच्या वाट्याला खिडकीची जागा येते. मग सहलीहून परतल्यावर त्याच मुलांना आम्ही फळ्यावर उदाहरण घालतो, की एका बसमध्ये ४४ मुले बसतात, तर अमुक मुलांना किती बस लागतील.

मी रत्नागिरी तालुक्यात पावस रस्त्यावरच्या एका वाडीत तिसरी-चौथीला शिकवते. शाळा दोन शिक्षकांची. गेली काही वर्षं आम्ही सहलीची आखणी मुलांच्या हाती देतो. दिवाळीची सुट्टी संपली की कामाला लागायचं आणि डिसेंबरात जायचं, तोवर रोजचा गणिताचा तास सहलीचाच. सहल लांबची नसते. कधी रत्नागिरी शहर, कधी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे आणि मालगुंड. पण ती खरी असते आणि तिचे पैसे खरे असतात. माझ्या मते सगळा फरक त्यानेच पडतो. उदाहरणातलं उत्तर चुकलं तर लाल खूण होते, सहलीतलं चुकलं तर वीस जण रस्त्यावर राहतात. हे तिसरीतल्या पोरालाही कळतं.

सुरुवात गाडीपासूनच करते. एका वर्षी आमची आणि शेजारच्या शाळेची मिळून मुलं होती ५८, मोठी माणसं ६. एकूण ६४. एसटीच्या साध्या गाडीत ४४ आसनं धरली. मुलांनी पाटीवर भागाकार मांडला आणि उत्तर लिहिलं, भाग १, बाकी २०. उत्तराखाली दोन रेघा ओढून पाट्या वर. मी विचारलं, ही बाकी बसणार कुठे? वर्ग गप्प. मग एक जण म्हणाला, उभी राहतील. रोजच्या एसटीत त्याने तेच पाहिलेलं, त्यामुळे उत्तर त्याच्या परीने बरोबर होतं. पण सहलीला लहान मुलांना तासभर उभं नेता येत नाही. मग हळूहळू निघालं की दोन गाड्या लागतील. भागाकाराचं उत्तर एक आणि लागणाऱ्या गाड्या दोन, हे पचायला त्यांना अख्खा तास लागला, आणि मी तो लागू दिला.

हे फक्त आमच्या वाडीतलं नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात तेरा वर्षांच्या मुलांना एका राष्ट्रीय चाचणीत असंच उदाहरण घातलं होतं. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. पण २९ टक्क्यांनी उत्तर लिहिलं ‘३१, बाकी १२’. आणखी १८ टक्क्यांनी बाकी सोडून देऊन ३१ लिहिलं. ३२ बस असं म्हणणारी मुलं फक्त २३ टक्के. गणितशिक्षणावर लिहिणारे लोक हे आकडे पुन्हा पुन्हा सांगतात. मला त्यातली ती ‘बाकी १२’ लिहिणारी मुलं डोळ्यांसमोर दिसतात, कारण ती माझ्याही वर्गात बसलेली असतात. त्यांना भागाकार येतो. भागाकार झाल्यावर मान वर करून गाडीकडे बघायचं असतं, एवढं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या मुलांनी मान वर केली आणि पुढचा प्रश्न त्यांनीच काढला. दुसऱ्या गाडीत २० जण, म्हणजे २४ आसनं रिकामी. त्यांचे पैसे कोण भरणार? इथे एसटीचा प्रासंगिक करार समजावून घ्यावा लागला. सहलीसाठी अख्खी गाडी घेतली तर पैसे माणशी नसतात, गाडी किती किलोमीटर फिरणार त्यावर असतात, आणि शालेय सहलीला त्यात पन्नास टक्के सवलत मिळते. म्हणजे गाडीत वीस बसले काय नि चव्वेचाळीस बसले काय, गाडीचे पैसे तेवढेच. समजायला सोपं जावं म्हणून आम्ही सवलत धरून एका गाडीचे ९,००० रुपये मानले. दोन गाड्यांचे १८,०००. ५८ मुलांत वाटले तर डोईला ३१० रुपये. हा आकडा फळ्यावर आल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, खालच्या वाडीच्या शाळेला विचारूया ना.” खालच्या शाळेतली २२ मुलं आणि दोन शिक्षक आले तर २४ आसनं भरतात, मुलं होतात ८०, आणि वर्गणी उतरते २२५ वर. पंचाऐंशी रुपयांचा फरक. केंद्रप्रमुखांकडे तिघा मुलांनी स्वतः जाऊन हा हिशेब मांडला. सहल तीन शाळांची झाली.

पैशांबद्दल आणखी एक सांगायला हवं. वर्गणीची वरची मर्यादा आम्ही पालकसभेत आधीच ठरवून घेतो आणि मुलांना ती मर्यादा घालूनच काम देतो. एखाद्या घरी तेवढेही जमणार नसतील तर त्याची सोय शाळा गुपचूप करते, तो विषय वर्गात येत नाही. गणित शिकवताना कुणाच्या घरचा खिसा फळ्यावर यायला नको.

गाडीचा हिशेब झाला की घरचा अभ्यास असतो तिकिटांचा. आपल्या घरातली सगळी माणसं एसटीने गणपतीपुळ्याला न्यायची, तिकिटं किती होतील? मोठ्यांना वाटतं यात काय, माणसं गुणिले भाडं. पण महाराष्ट्रातल्या एसटीची आजची तिकिटं म्हणजे अपूर्णांकांचा आख्खा धडा आहे. पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट. पाच ते बारा अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मं भाडं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढे राज्यात फुकट. आता एक घर घ्या. बाबा, आई, सत्त्याहत्तर वर्षांची आजी, नववीतली ताई, तिसरीतला मुलगा आणि चार वर्षांचा धाकटा. बाबांचं एक, आईचं अर्धं, ताईचं अर्धं, मुलाचं अर्धं, आजी आणि धाकटा फुकट. सहा माणसं, अडीच तिकिटं. पूर्ण तिकीट साठ रुपयांचं धरलं तर दीडशे रुपयांत अख्खं घर पोचलं. अर्धा अधिक अर्धा अधिक अर्धा म्हणजे दीड, हे ज्या मुलाला भाकरीच्या चित्रावर समजत नव्हतं, त्याला आई-ताईच्या तिकिटांवर चटकन समजलं. पुढच्या वर्षी आजीला शहात्तरावं लागेल की पंच्याहत्तरावं, यावर दोन घरांत वादही झाले म्हणे, आणि आधार कार्डं बाहेर निघाली.

तिकिटाच्या मागे टप्पा असतो, तोही मुलांना सांगते. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. आमच्या वाडीपासून रत्नागिरी चौदा किलोमीटर, तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळे साधारण पंचवीस. चौदा भागिले सहा, दोन टप्पे आणि वर दोन किलोमीटर, म्हणजे तीन टप्प्यांचे पैसे. पंचवीस भागिले सहा, चार आणि वर एक, म्हणजे पाच टप्पे. दोन्ही मिळून आठ. पण एकोणचाळीस किलोमीटरचं सलग तिकीट काढलं तर टप्पे सातच. प्रत्यक्षात टप्प्याचे थांबे वाहकाच्या तक्त्यात ठरलेले असतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरी मुलांना त्यात मोठी गंमत वाटते, कारण दोनदा तोडल्यावर बाकी दोनदा वर चढते, हे त्यांना स्वतःला सापडलेलं असतं.

नकाशावर अंतर मोजताना पट्टीचा घोळ दरवर्षी होतो. पट्टीची कड एकदा मोडलेली असते, मुलं एकपासून मोजायला लागतात आणि आकडा एकाने जास्त वाचतात. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३च्या अहवालात चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांना हेच विचारलं होतं. वस्तू शून्यावर ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली, वस्तू पट्टीवर पुढे सरकवली तेव्हा फक्त ३९ टक्क्यांनी. म्हणून आम्ही पट्टीआधी सुतळी वापरतो. आरे-वारेचा वळणावळणाचा रस्ता नकाशावर सुतळीने मोजायचा, मग सुतळी सरळ करून पट्टीला लावायची. सरळ रेषेचं अंतर आणि सुतळीचं अंतर यांतला फरक पाहिल्यावर, डोंगरापलीकडचं मालगुंड गाडीला इतका वेळ का घेतं, हे वेगळं समजावावं लागत नाही.

वेळेचं गणित मात्र कठीण जातं, कारण तिथे दहाचे शंभर होत नाहीत. गाडी पावणेदहाला सुटली आणि दीड तास लागला, तर पोचणार कधी? निम्म्या वर्गाने ९.४५ आणि १.३० यांची बेरीज करून १०.७५ लिहिलं. मी काही बोलले नाही. फळ्याच्या वरचं घड्याळ खाली काढून टेबलावर ठेवलं. एक मुलगा उठला, काट्यावर बोट ठेवून फिरवत गेला आणि बारावर येऊन थांबला. पंधरा मिनिटं तिथेच संपली, दहा वाजले. उरला सव्वा तास. सव्वाअकरा. मग तो स्वतःच्या पाटीकडे वळला आणि १०.७५ मधले साठ काढून एक तास पुढे दिला. त्याने हातचा साठाचा केला होता. एवढं झाल्यावर रेल्वेची वेळापत्रकं वाचायला दिली तरी मुलं बिचकत नाहीत, १५.४० म्हणजे दुपारचे तीन चाळीस हे लगेच सांगतात. कोकण रेल्वेच्या गाड्यांची पावसाळ्यात वेगळी वेळापत्रकं असतात, कारण दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवतात. तोच रस्ता, तेच अंतर, वेग उतरला की वेळ वाढला, हे आमच्या मुलांना चाकरमान्यांच्या गाड्यांमुळे ठाऊकच असतं. गणपतीला मुंबईचा काका किती वाजता उतरणार हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी तासाला पासष्ट किलोमीटरने गेली तर अंधार सहा मिनिटं. हे आधी काढून ठेवलेलं आणि मग खिडकीशी बसून सेकंद मोजलेले, असं ज्या मुलाने केलं असेल त्याला वेग, वेळ आणि अंतर यांचं सूत्र पाठ करायला लागत नाही.

वेगावरून महर्षी कर्व्यांची गोष्ट मी आवर्जून सांगते. धोंडो केशव कर्वे आपल्याच जिल्ह्यातले, वाढले दापोलीजवळच्या मुरुडला, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणितच शिकवायचे. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला पायी गेले. शंभरावर मैल, चार दिवस, सह्याद्री ओलांडून, पावसात. एवढं करून पोचल्यावर वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. मुलं आधी चिडतात, मग गणित करतात. दिवसाला पंचवीस मैलांच्या वर, म्हणजे चाळीस किलोमीटर. आमच्या वाडीतून रत्नागिरीला जाऊन यायचं, पुन्हा एकदा जायचं, आणि त्यात घाट चढायचा. एकदा मुलांनी शाळेपासून फाट्यापर्यंतचा एक किलोमीटर चालून वेळ मोजला, चौदा मिनिटं लागली. चाळीस गुणिले चौदा, पाचशे साठ मिनिटं. न थांबता नऊ तासांहून अधिक. त्यानंतर कर्वे हे त्यांच्यासाठी नुसतं पुस्तकातलं नाव राहिलं नाही.

आता भरतीबद्दल. किनाऱ्यावरच्या सहलीत मला हा सगळ्यांत आवडता भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुळ्याचा समुद्र फसवा आहे आणि मुलांना पाण्यात उतरवायचं नाही हा आमचा कडक नियम. पण ओल्या वाळूत खेळायला, शंख वेचायला, खेकड्यांची बिळं पाहायला ओहोटी हवी. ती कधी असेल? वाडीतल्या जुन्या माणसांकडे याचा ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेले. ते पाढे पुस्तकातून गेले, पण खाडीवर पाऊणकी अजून चालते.

मी एका मुलाच्या आजोबांना वर्गात बोलावलं. त्यांनी फळ्याजवळ उभं राहून पाऊणकी एका दमात म्हणून दाखवली, मुलं तोंडाकडे बघत राहिली. मग आम्ही प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतचा तक्ता केला. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच. मुलांनी मनगटी घड्याळाच्या चित्रावर प्रत्येक वेळ काढली. शिक्षकांनी सहलीचा दिवस धरला होता पौर्णिमेचा, कारण त्या दिवशी तिन्ही शाळांना सोयीचं होतं. तक्त्यात पौर्णिमा आली सव्वाअकराला. मुलं म्हणाली, आपण किनाऱ्यावर अकराला पोचणार, तेव्हा पाणी पार वर असेल, खेळायचं कुठे? त्यांनी बोट सप्तमीवर ठेवलं. सप्तमीला भरती पहाटे सव्वापाचला, ओहोटी सव्वाअकराच्या आसपास. सहल आठ दिवस अलीकडे आली. मुलांच्या म्हणण्यावरून तीन शाळांनी तारीख बदलली, आणि त्या पोरांची छाती किती फुगली होती ते मी पाहिलं आहे.

पण त्याहून मोठी गोष्ट तक्त्याच्या शेवटी घडली. पौर्णिमेखाली एकाने दुसऱ्या दिवसाची प्रतिपदा लिहिली आणि अडला. रोज पाऊण तास पुढे जायचं तर सव्वाअकरानंतर बारा यायला हवे. प्रतिपदा तर पाऊण वाजता म्हणते. मधली पंचेचाळीस मिनिटं कुणी खाल्ली? आजोबाही विचारात पडले, म्हणाले, आम्ही असं कधी पाहिलं नाही बाय. उत्तर चंद्राकडे आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं जातात. पाऊणकी पंचेचाळीसच धरते. रोज काही मिनिटं मागे पडत पंधरा दिवसांत मोठं अंतर साचतं, आणि नवा पंधरवडा सुरू झाला की ठोकताळा एकदम उडी मारून ते अंतर भरून काढतो. तोंडी हिशेबाला सोपा पाढा मिळावा म्हणून जुन्या लोकांनी थोडी चूक पत्करली, आणि होडी काढायला ती चालून जाते. किती चूक चालेल, हे ठरवणं हेसुद्धा गणितच आहे, आणि ते पाठ्यपुस्तकात जवळपास कुठेच भेटत नाही. चौथीतल्या मुलाला ते त्या दिवशी भेटलं. मी वीस वर्षं पाऊणकी ऐकत आले, ती उडी मलाही त्यानेच दाखवली.

बाजारातलं आणि वर्गातलं गणित एकमेकांना ओळखत नाही, हे अभ्यासकांनी फार आधी दाखवलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-भाजी विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलं तेव्हा त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, तीच आकडेमोड कागदावर नुसत्या अंकांत दिली तेव्हा ३७ टक्के. नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने अलीकडे, २०२५ साली, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल तेच दाखवलं, आणि उलटंही दाखवलं. शाळेत चांगली गणितं करणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. मला या दुसऱ्या निष्कर्षाची काळजी जास्त वाटते.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या घरचे मे महिन्यात हायवेला हापूस विकायला बसतात. साडेसहाशे रुपये डझन, साडेतीन डझनांचे किती? तो डोळे मिटून सांगतो, बावीसशे पंच्याहत्तर. कसं काढलंस विचारलं तर म्हणतो, तीन डझनांचे साडेएकोणीसशे, अर्ध्याचे सव्वातीनशे. त्याला ६५० गुणिले ३.५ पाटीवर दिलं तर तो दशांश चिन्हाकडे बघत बसतो. सहलीच्या आखणीत या मुलाला आम्ही खजिनदार केलं आणि त्याने सगळा जमाखर्च तोंडी सांभाळला. सोबत पाटीवर मांडणारी एक मुलगी दिली. महिनाभरात ती तोंडी हिशेब शिकली आणि त्याला मांडणी यायला लागली. सहलीकडून मला हवं असतं ते हे, ही दोन मुलं एका बाकावर यावीत.

काही शाळांत आता सहलीच्या नावाने छापील कागद वाटतात. समजा तुम्ही सिंगापूरला गेलात, विमानाचं तिकीट एवढं, हॉटेल एवढं, बेरीज करा. त्याने बेरजेचा सराव होतो, बाकी काही होत नाही. मुलाने कोणतीही बेरीज केली तरी कुणी कुठे जाणार नसतं. डच गणितज्ञ हान्स फ्रॉइडेनथाल आयुष्यभर सांगत होता की गणित ही माणसाने करायची गोष्ट आहे, तयार वाढून द्यायची नव्हे, आणि त्याच्या विचारांवर नेदरलँड्समधली शाळेची पुस्तकं बदलली. आपल्याकडे लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, ते अनुभवातून शिकण्याच्या पायावरच. म्हणजे ही काही नवी खूळं नाहीत. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेतही ती जमतात, किंबहुना तिथे जास्त जमतात, कारण तिसरी-चौथी एकाच खोलीत बसलेली असते आणि मोठं मूल लहानाला शिकवतं.

शहराची सहल असली की इतिहासही वजाबाकीत येतो. थिबा राजवाडा बघायला जायच्या आधी आम्ही कागदाच्या दोन पट्ट्या करतो, एका वर्षाला एक सेंटिमीटर. एक पट्टी टिळकांची, १८५६ ते १९२०, चौसष्ट सेंटिमीटर. दुसरी ब्रह्मदेशच्या थिबा राजाची, १८५९ ते १९१६, सत्तावन्न. दोन्ही एकाखाली एक नीट लावायच्या. थिबाच्या पट्टीवर १८८६ पासून पुढचा भाग रंगवायचा, तो रत्नागिरीतला. टिळकांच्या पट्टीवर १९०८ ते १९१४ रंगवायचे, ते मंडालेच्या तुरुंगातले. दोन रंग एकावर एक येतात. रत्नागिरीत जन्मलेला माणूस सहा वर्षं ब्रह्मदेशात कैद आणि ब्रह्मदेशचा राजा त्याच वेळी रत्नागिरीत कैद. राजवाडा बांधून झाला १९१० साली, म्हणजे तिथे राहायला राजाला आयुष्याची सहाच वर्षं उरली होती. हे मी सांगत नाही, पट्टीवर सहा सेंटिमीटर उरलेले मुलांना दिसतात.

खाण्याचा हिशेब पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडे असतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ हे सरकारी माप त्यांना पाठ आहे. ऐंशी मुलांना आठ किलो. मुलांनी तेच माप धरून सहलीची खिचडी मांडली, तर मावशी म्हणाल्या, सहलीत पोरं जास्त जेवतात, दीडपट धर. बारा किलो. कुठून आणलंत हे दीडपट, विचारलं तर म्हणाल्या, दरसाल बघते ना.

पालक विचारतात, घरी काय करायचं? सहल शाळेचीच हवी असं नाही. मे महिन्यात मामाकडे जाताना तिकिटांचे पैसे मुलाच्या हातात द्या आणि सुटे त्यालाच मोजून घेऊ द्या. घरातून किती वाजता निघायचं हे त्याला उलटं मोजायला लावा, गाडी साडेआठची, स्टँडवर पंधरा मिनिटं आधी, रिक्षाला वीस मिनिटं, आंघोळी-नाश्ता एक तास. त्याने साडेसातला उठायचं ठरवलं आणि गाडी चुकणार असं दिसलं, तर आदल्या रात्री एकदाच विचारा, नीट मोजलंस ना? उत्तर तुम्ही सांगू नका. लहान प्रवासात, पुढची एसटी तासाभराने असते तेव्हा, एखादी चुकली तरी बिघडत नाही.

त्या तीन शाळांच्या सहलीचा शेवटचा तास जमाखर्चाचा होता. सगळं देऊन ६४० रुपये उरले. ऐंशी मुलं, डोईला आठ रुपये. काही म्हणाले, परत वाटा, आमचे आहेत. काही म्हणाले, आठ रुपयांचं काय येतं, एकत्र ठेवले तर शाळेला मोठी मोजपट्टी येईल. खालच्या वाडीची मुलं म्हणाली, मोजपट्टी मग राहणार कुठल्या शाळेत? तिघांत ६४० भागून पाहिले, २१३ आणि बाकी एक. तो एक रुपया कुणाचा, यावर घंटा होईपर्यंत भांडण झालं. शेवटी पंधरा मीटरची टेप घेतली, आणि ती प्रत्येक शाळेत चार-चार महिने फिरते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे असते.